कोऱ्या पंखांवरची वानगी

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की फुलांवर बसणाऱ्या इवल्या पाखरांना तेव्हा पंख होते, पण पंखांना रंग नव्हता. कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ पंख. त्यांच्यातून आरपार दिसायचं. पाखरू फुलावर बसलं तरी बघणाऱ्याला फूलच दिसे, पाखरू दिसत नसे. लोक त्यांना कोरी पाखरं म्हणत. म्हणत तरी कुठले? त्यांच्याकडे कुणी बघतच नसे.

त्या काळी एका राज्यात, डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याच्या काठी, रंगाऱ्यांची आळी होती. हळदीचा पिवळा, लाखेचा लाल, निळीच्या वडीचा निळा, पळसाच्या फुलांचा केशरी; सगळ्या राज्याचे कपडे तिथे रंगत. आळीतून वाहून गेलेल्या पाण्याने ओढ्याचे दगडसुद्धा रंगले होते.

या आळीत धुरपा नावाची रंगारीण होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. पण तिच्या घरात एक ठेव होती, आणि ती साऱ्या आळीची होती. तिला वानगी म्हणत.

रंगाऱ्यांना लिहिता येत नव्हतं. म्हणून कुणाला एखादा नवा रंग साधला, की तो कढईच्या तळाचा साका उन्हात वाळवी, त्याची चिमूटभर पूड फडक्यात बांधी आणि ती पुरचुंडी वानगीच्या दोरीला अडकवी. फडक्यावर खुणा करी. एक ठिपका म्हणजे रंगात एक बुडी. एक आडवी रेघ म्हणजे एक दिवस ऊन. नागमोडी रेघ म्हणजे वाहत्या पाण्यात धुणं. काळा काठ म्हणजे गंजाचं पाणी. आणि जिथे क्षणभर नजर हलली तर सगळा रंग नासतो, तिथे एक उघडा डोळा.

सात पिढ्यांची वानगी त्या दोरीवर होती. तीनशेच्या वर पुरचुंड्या. दोरी गेली, तर हात उरतील पण रंग उरणार नाहीत, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. धुरपाच्या सासूने मरताना दोरीचं टोक तिच्या मनगटाला बांधलं होतं आणि म्हटलं होतं, "पोरी, घर जळालं तर आधी ही काढ. मग मला."

एकदा राजाने एक लढाई जिंकली. विजयाच्या मिरवणुकीसाठी त्याने शाल रंगवायला सांगितली. रंग हवा होता डाळिंबी. तोही असा, की राज्यात दुसऱ्या कुणाच्या अंगावर नसेल.

धुरपाने शाल घेतली. पहिली बुडी दिली, दुसरी दिली. दुसऱ्या बुडीनंतर ओली शाल दांडीवर टाकली, तेवढ्यात राजा स्वतः आळीत आला. बरोबर कारभारी होता. ओली शाल उन्हात अशी झळकत होती, जणू डाळिंब फोडून दाणे पसरलेत.

"हाच!" राजा म्हणाला. "हाच रंग. शाल बांधा. मिरवणूक उद्याच आहे."

आता रंगाऱ्यांच्यात एक म्हण होती. ओलं कापड थापा मारतं, वाळलेलं साक्ष देतं. ओल्या कापडाचा रंग नेहमी गडद दिसतो. वाळलं की खरं काय ते कळतं. म्हणून कुठलाही रंगारी ओल्या कापडावर हो म्हणत नाही. शालीला तिसरी बुडी हवी होती, आणि वर चार दिवसांचं ऊन.

धुरपाने तोंड उघडलं. "महाराज..."

मागून कुणीतरी तिचा पदर ओढला. तो तिचा दीर होता, रायाजी. आळीचा म्होरक्या. चांगला माणूस, पण पाठीचा कणा रंगाच्या कढईत विरघळल्यासारखा.

"वहिनी, गप," तो कुजबुजला. "राजा पसंत म्हणाला ना? मग आपलं काय जातंय?"

"शाल वाळली की फिकी पडेल, भावजी."

"वाळेल तेव्हा बघू. आता बोललात तर आपणच वाळू."

कारभाऱ्याने मान वळवली. "काय म्हणते आहे बाई? महाराजांच्या पसंतीत काही खोट आहे का?"

सगळी आळी जमिनीकडे बघू लागली. धुरपाही बघू लागली. "नाही, सरकार," ती म्हणाली. एवढंच. हे दोन शब्द तिला पुढे कितीतरी रात्री झोपू देणार नव्हते.

शाल गेली. कढईत रंग उरला होता. तो फेकायचा कशाला? धुरपाने त्यात एका गुराखणीच्या तान्ह्या बाळाची कुंची बुडवली. तीन बुड्या दिल्या आणि, कापड इवलंसंच म्हणून, रात्रभर भट्टीच्या उबेवर नीट सुकवली.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. ऊन कडक होतं. राजा हत्तीवर बसला होता आणि हत्तीवर बसल्या बसल्या त्याची शाल वाळत होती. पहिल्या चौकात ती डाळिंबी होती. दुसऱ्या चौकात गुलाबी झाली. राजवाड्याच्या दारात पोहोचेपर्यंत तिला धुतलेल्या मुळ्याची कळा आली. आणि तिथे, गर्दीच्या पहिल्या रांगेत, गुराखणीच्या कडेवर ते बाळ होतं. डोक्यावर कुंची. असा डाळिंबी रंग, की भोवतालची माणसं त्या रंगाच्या उजेडात उभी आहेत असं वाटावं.

राजाने बाळाकडे पाहिलं. मग शालीकडे पाहिलं. बाळ हसलं. राजा हसला नाही.

त्याच वेळी कुणीतरी म्हणालं असतं, की महाराज, कापड ओलं होतं, घाई झाली, पुढच्या खेपेला चार दिवस थांबू, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण सत्य सांगायला दरबारात जागा नव्हती आणि खोटं सांगायला माणसांची रांग होती. कारभारी त्या रांगेत पहिला.

"महाराज," तो म्हणाला, "शाल फिकी नाही. रयतेने तिचा रंग चोरला आहे. बघा ना, ज्याच्या त्याच्या अंगावर रंग. एवढे रंग रयतेला हवेत कशाला?"

राजाला हे पटलं. स्वतःची चूक सोडून दुसरं काहीही पटायला तो तयारच होता.

दवंडी पिटली गेली. आजपासून राज्यातला सगळा रंग राजाचा. वड्या, पुड्या, फुलं, साली, जे असेल ते राजाच्या कोठारात जमा करावं. रयतेने कोरं कापड नेसावं. आणि नवा रंग कुणी बनवू नये म्हणून रंगाऱ्यांची वानगी तीन दिवसांच्या आत चौकात आणून जाळावी.

दोनच दिवसांत राज्य पांढरंफटक पडलं. नवरी कोरी, नवरदेव कोरा, बैलांच्या झुली कोऱ्या. शिपाई रस्त्यात लोकांचे हात तपासू लागले.

"हातावर निळं काय आहे?" एकाने धुरपाला अडवलं.

"कातडी आहे, बाबा. चाळीस वर्षं निळीत बुडवल्यावर अशी होते."

"धुऊन टाक."

"तू धू. गेलं तर मलाही सांग."

दवंडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रायाजी तिच्याकडे आला. "वहिनी, आळी एकमताने ठरवून मोकळी झाली. दोरी द्यायची."

"आळीने ठरवलं, की तुम्ही?"

"तेच ते. अहो, रंग गेले तर गेले. जीव तर राहतील? माणूस कोऱ्या कपड्यातही जगतो."

"जगतो," धुरपा म्हणाली. "कोंबडीही खुराड्यात जगते. तुमच्या आजोबांचा निळा या दोरीवर आहे, भावजी. बारा वर्षं लागली होती त्यांना. तो तुम्ही जाळा. मी काडी देते."

रायाजी डोळे पुसत निघून गेला.

धुरपाने खूप विचार केला. पुरावी, तर ओलीने पूड नासेल. छपरात लपवावी, तर शिपाई छपरं उचकटत होते. शेजारी द्यावी, तर शेजाऱ्यांच्या घरी झडती. एक दिवस उरला होता. शेवटी तिने दोरी अंगणात आणली आणि एकेक पुरचुंडी सोडून बघू लागली. निरोप घ्यावा तशी.

अंगणाच्या कडेला, जिथे कपडे धुतलेलं पाणी मुरायचं, तिथली माती नेहमी ओलसर असे. तुरटीने आणि खाराने भरलेली. कोऱ्या पाखरांना ती माती फार आवडायची. एक कोरं पाखरू तिथे सोंड लावून बसलं होतं.

धुरपाने हळदीच्या पिवळ्याची पुरचुंडी सोडली. वाऱ्याची झुळूक आली. पूड उडाली आणि त्या पाखरावर पडली.

पाखराने पंख उघडले. मिटले. पुन्हा उघडले.

धुरपाच्या हातातलं फडकं गळून पडलं. जमिनीवर, त्या ओल्या मातीवर, उन्हाचाच एक तुकडा तुटून पडल्यासारखा दिसत होता. पण तो तुकडा श्वास घेत होता. रंग तिने कापडावर पाहिला होता, कढईत पाहिला होता, फुलावर पाहिला होता. जिवंत, स्वतःच्या मनाने उघडणारा आणि मिटणारा रंग तिने कधी पाहिला नव्हता. सात पिढ्यांत कुणीच पाहिला नव्हता.

"हे काय केलंस, बाई?" पाखरू म्हणालं. आवाज इतका बारीक, की ऐकण्यासाठी धुरपाला गुडघ्यांवर बसावं लागलं. "माझी सावली पिवळी झाली."

"चुकून झालं. झटकून टाक."

पाखराने पंख झटकले. रंग गेला नाही. ते उडालं, अंगणाला एक फेरी मारली आणि परत येऊन बसलं. रंग तसाच.

धुरपाने हात जोडले. "पाखरा, तुझ्याकडे एक मागणं मागू? माझ्याकडे तीनशे रंग आहेत. उद्या जाळले जातील. तुम्ही वागवाल का?"

"दिसू आम्ही," पाखरू म्हणालं.

"दिसाल म्हणजे काय? झळकाल!"

"तुला कळलं नाही. आम्ही दिसत नाही म्हणून आम्हाला कुणी खात नाही. रंग लावलास, की पहिला पक्षी झाडावरून उतरेल."

हे धुरपाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्याच्या जिवावर आपली ठेव जपायची, हे तिला बरं वाटेना. ती पुरचुंडी पुन्हा बांधू लागली.

"थांब," पाखरू म्हणालं. आपल्या पिवळ्या सावलीकडे ते अजून बघत होतं. "आजवर आम्हाला कुणी खाल्लं नाही, हे खरं. पण आजवर कुणी पाहिलंही नाही. फुलावर बसलो तर फुलाचं कौतुक झालं. मेलो तर कुणाच्या पायाखाली आलो हेही कुणाला कळलं नाही. विचारून येतो."

ते गेलं. घटकाभरात ओढ्याच्या बाजूने काहीतरी येताना दिसलं. काय, ते सांगता आलं नसतं. नुसती हवा थरथरत होती, उन्हाच्या झळा थरथरतात तशी. अंगण भरलं. भिंती, दांड्या, पालथे रांजण, धुरपाचे खांदे. शेकडो कोरी पाखरं, आणि प्रत्येकाच्या पंखातून पलीकडचं जग दिसत होतं.

"वागवू," पिवळं पाखरू म्हणालं. "पण एक अट. रंग वरच्या बाजूला लाव. खालची बाजू मातकट ठेव, वाळक्या पानासारखी. जिवावर बेतलं तर मिटून बसू."

"आणि तुमच्यातले जे फार लहान, फार हळू उडतात, त्यांना मी डोळ्याची खूण असलेले रंग देईन," धुरपा म्हणाली. "पक्षी दचकतील."

ती कामाला लागली. अंगणातली माती चाळून तिने खालची बाजू मातकट केली. मग एकेक पुरचुंडी सोडली. बोटांच्या टोकांनी पूड पसरली, गवताच्या काडीने खुणा केल्या. फडक्यावर जे होतं तेच पंखावर. पाच ठिपके म्हणजे पाच बुड्या. दोन रेघा म्हणजे दोन दिवस ऊन. काळा काठ. नागमोडी रेघ. डोळा. आणि प्रत्येक खूण दोन्ही पंखांवर, अगदी सारखी. कारण रंगाऱ्यांचा नियम होता, की मोलाची गोष्ट दोन ठिकाणी मांडावी. एक पुसली गेली, तर दुसरी साक्षीला राहते.

"एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "रंग पक्का करायला तुरटीत भिजवावं लागतं. तेवढा वेळ नाही. कुणी बोट लावलं तर रंग निघेल."

"मग बोट लावू देणार नाही," पाखरं म्हणाली.

"आणि तुम्ही गेल्यावर? तुमचं आयुष्य ते केवढं!"

"आमची पिल्लं कोशात बसून पाठ करतील. ठिपक्यासाठी ठिपका, रेघेसाठी रेघ. शिकल्याशिवाय कुणी बाहेर यायचं नाही."

दिवस मावळायच्या आत शेवटची पुरचुंडी संपली. शेवटी एक पाखरू उरलं. त्याच्यासाठी रंगच नव्हता. धुरपाने रिकामी फडकी झटकली, पण नुसती पांढरी खळ पडली. तीच तिने त्याच्या पंखांना लावली. "तुला काही देता आलं नाही रे," ती म्हणाली. पाखरू म्हणालं, "जागा तर ठेवलीस. पुढचा रंग कुणाला साधला, तर माझ्यावर काढ." पांढरं पाखरू अजून शेतांवरून हिंडतं. अजून वाट बघतं.

तिसऱ्या दिवशी शिपाई आले. कारभारी आला. आणि वानगी जळताना डोळ्यांनी बघायची म्हणून राजाही आला. आभाळ ढगाळलेलं होतं. धुरपाच्या अंगणात रिकामी दोरी लोंबत होती, आणि कडेच्या ओल्या मातीवर वाळकी पानं पडल्यासारखी दिसत होती. खूप पानं.

"वानगी कुठे आहे?" राजाने विचारलं.

रायाजी धावत पुढे आला. "जाळली, महाराज! काल वहिनीने चुलीतच जाळली. राख ओढ्यात सोडली. हो ना वहिनी? हो म्हणा."

आयुष्यात पहिल्यांदा रायाजीने धीर केला होता, आणि तोही खोटं बोलायला. धुरपाला त्याची माया कळली. हो म्हटलं तर ती सुटणार होती. पाखरंही सुटणार होती. नुसती मान हलवायची होती. पण गेल्या वेळी खाली घातलेली मान अजून तिच्या मानगुटीवर बसली होती.

"नाही, महाराज," ती म्हणाली. "भावजी मला वाचवायला बोलले. मी वानगी जाळलेली नाही. आणि आणखी एक. आपल्या शालीचा रंग कुणी चोरला नव्हता. शाल ओली असताना आपण पसंत केली. तिसरी बुडी बाकी होती. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. माझा गुन्हा असेल, तर तो एवढाच."

कारभारी तलवारीच्या मुठीशी चाळा करू लागला.

"वानगी कुठे आहे?" राजाने पुन्हा विचारलं. या वेळी हळू.

"आपल्यासमोर."

"समोर पालापाचोळा आहे."

त्याच क्षणी ढग सरकला. ऊन अंगणात उतरलं. आणि थंडीने आखडलेल्या पाखरांनी, ऊन लागताच करायचं तेच केलं. पंख उघडले.

पालापाचोळ्यातून आधी एक केशरी ठिणगी उठली. मग निळी. मग सगळं अंगण एकदम पेटलं, पण धूर नाही, चटका नाही. हिरवा, जांभळा, अबोली, मोरपिशी; आणि ज्यांना नावंच ठेवली गेली नव्हती असे रंग. काठ होते, वेलबुट्ट्या होत्या, रेघा होत्या. शेकडो उघडे डोळे राजाकडे बघत होते. सात पिढ्यांची मेहनत, जी अंधाऱ्या घरात दोरीला लोंबत होती, ती उन्हात श्वास घेत होती. शिपायांच्या हातातले भाले खाली आले. घोडे मागे सरले. रायाजीने आपल्या आजोबांचा निळा ओळखला आणि तो लहान मुलासारखा रडू लागला.

राजासुद्धा क्षणभर राजा राहिला नाही. तोंड उघडं टाकून बघणारा एक माणूस उरला.

मग त्याला आठवलं, की आपण राजा आहोत. "पकडा!" तो ओरडला. "सगळी पकडा!"

शिपाई धावले. कारभारी तर चार पावलं पुढेच. त्याने झडप घालून एक पाखरू धरलं. पाखरू त्याच्या चिमटीतून निसटलं, आणि त्याच्या बोटांना थोडी धूळ उरली. लाल होती का जांभळी, सांगता येईना. ठिपका नव्हता, रेघ नव्हती. रंग बोटाला आला होता, पण विद्या आली नव्हती. तोवर बाकीची पाखरं भिंतीवरून, ओढ्यावरून, राज्याच्या वेशीवरून पार झाली होती. वेशीवरच्या पहारेकऱ्यांनी भाले उगारले. पण ते माणसं अडवण्यासाठी होते.

राजाने धुरपाला वेशीबाहेर काढलं. ती गेली. ओढ्यापलीकडच्या टेकडीवर एक झोपडी बांधून राहिली.

वर्ष गेलं. राजाच्या मुलीचं लग्न ठरलं. वस्त्रं रंगवायला कोठार उघडलं. कुलपं शाबूत होती, मोहरा शाबूत होत्या. आत हळदीला किडे लागले होते. लाखेचा दगड झाला होता. फुलांची माती झाली होती. निळीच्या रांजणांना असा वास सुटला होता, की रखवालदार नाक धरून पळाले. निळीला रोज हात लावावा लागतो, रोज ढवळावं लागतं. कुलपाला हे कुठून माहीत असणार? राज्यातला सगळा रंग मिळून एकच रंग उरला होता, चिखलाचा. पुन्हा बनवावा, तर कसा बनवायचा ते सांगणारी दोरी रिकामी.

राजा टेकडीवर आला. या वेळी हत्ती नव्हता, कारभारी नव्हता. अंगावर कोरं धोतर होतं. धुरपा दारात बसली होती. भोवती रानफुलं होती आणि फुलांवर पाखरं.

"मला डाळिंबी रंग हवा आहे," राजा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "मुलीसाठी."

"बसा," धुरपा म्हणाली.

"कुठे?"

"जमिनीवर. हलू नका. हात पुढे करू नका. मागे धावलात तर येत नाहीत."

राजा बसला. आयुष्यात प्रथमच तो कुणासाठी तरी थांबून राहिला होता. मुंग्या चावल्या, तरी हलला नाही. ऊन वर आलं. आणि एक वाळकं पान तरंगत येऊन त्याच्या गुडघ्यावर बसलं. त्याने श्वास रोखला.

पानाने पंख उघडले. डाळिंबाचे दाणे फुटले.

"काय दिसतंय?" धुरपाने हळूच विचारलं.

"काठाशी चार रेघा आहेत."

"चार दिवस ऊन. आणि ठिपके किती?"

राजाने मोजले. पाखरू एकदा मिटलं, एकदा उघडलं. त्याने पुन्हा मोजले.

"तीन," तो म्हणाला. "शालीला मी दोनच बुड्या मिळू दिल्या."

"हो," धुरपा म्हणाली.

राजाने हुकूम मागे घेतला. ओढ्याकाठी रंगाऱ्यांच्या भट्ट्या पुन्हा पेटल्या, आणि तेव्हापासून त्यांची पोरं रंग शिकायला आधी रानात जाऊन बसू लागली. डाव्या पंखावर शंका आली, तर उजवा बघायचा. त्या पाखरांना लोक फुलपाखरं म्हणू लागले. एवढंच खटकतं, की राजाने पुढे वेशीवर एक शिळा उभी केली आणि तिच्यावर कोरून घेतलं, की फुलपाखरांना रंग आपल्याच आज्ञेने मिळाले. ती शिळा कधीच पडली. तिच्यावरचं अक्षर लागत नाही.

फुलपाखरं मात्र आजही उन्हात पंख उघडतात. बोट लावलं तर रंग बोटाला येतो आणि खूण पुसते. नुसतं बसून बघितलं, तर सगळं वाचता येतं.

तात्पर्य: कुलपात घातलेलं नासतं, जे जपायचं असेल ते हजार पंखांवर वाटून द्यावं आणि उजेडात उघडावं.